जुन्या लहान विमानांचे मोल

पिंपळे गुरवला आमच्या इमारतीखाली वडिलांची जुनी चेतक स्कूटर उभी आहे. आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक बाहेर पडू लागली ती १९७२ मध्ये. पेट्रोलवरची चेतक बनणे थांबून आता दीड दशकाहून अधिक काळ लोटला. तरीही आमची स्कूटर दोन-चार लाथांत सुरू होते, कारण तिचा कोणताही भाग मिळवणे अवघड नाही. नदीपलीकडे भोसरीत अशी कितीतरी लहान वर्कशॉप आहेत की, जेथे सकाळी झिजलेला दांडा नेऊन दिला तर संध्याकाळी तसाच नवा कातून मिळतो.

मागील वर्षी एक शिक्षक मित्र याच स्कूटरपाशी उभे राहून मला म्हणाले, "सर, तुम्ही धातूंवर काम करता, तेव्हा एक सल्ला द्या. एका भंगारवाल्याकडे दोन आसनी विमानाचा सांगाडा आला आहे. तो किलोच्या भावाने द्यायला तयार आहे. शाळेसाठी घ्यावा का? आणि त्याची खरी किंमत काय?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी लगेच दिले, 'घ्या'. दुसऱ्याचे उत्तर मात्र मला देता येईना. जुन्या स्कूटरची किंमत गल्लीतला मेकॅनिकही सांगतो. जुन्या लहान विमानाची किंमत कशावर ठरते आणि पुढे ती वाढेल की घटेल, हे समजण्यासाठी धातुशास्त्र, इतिहास आणि इंधनाचे रसायन या तिन्हींकडे वळावे लागते. या लेखात आपण तेच करणार आहोत.

जुहू आणि येरवडा

आपल्याकडे लहान विमानांचा इतिहास मुंबईच्या जुहूपासून सुरू होतो. मुंबईचा उड्डाण क्लब १९२८ मध्ये तेथे स्थापन झाला. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून टपाल घेऊन 'पस मॉथ' जातीचे विमान अहमदाबादमार्गे जुहूला आणले. टपालाचे वजन होते सुमारे २५ किलो. अहमदाबादला विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. मुंबईहून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेले ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी.

जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. तेव्हा ही इवलीशी विमान कंपनी आपला सारा संसार पुण्याला हलवत असे. येरवड्याच्या तुरुंगाजवळचे एक मैदान हे त्यांचे पावसाळी विमानतळ. आज लोहगावला उतरणारी विमाने आमच्या गच्चीवरून दिसतात, तेव्हा हे मैदान हटकून आठवते. पहिल्या वर्षात या कंपनीची विमाने सुमारे १,६०,००० मैल उडाली आणि त्यांनी १५५ प्रवासी नेले. म्हणजे ही विमाने कोणाच्या हौसेची खेळणी नव्हती. ती रोज राबणारी यंत्रे होती.

पुढे पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी टाटांनी तेच उड्डाण पुन्हा केले. त्या वेळी त्यांनी वापरले ते 'लेपर्ड मॉथ' जातीचे विमान. ही जात १९३३ मध्ये बाजारात आली आणि तिची एकूण १३३ विमाने बनली. तीस सालच्या सुमाराची मोटारगाडी १९८२ मध्ये कराचीहून मुंबईला आणणे हे धाडसच ठरले असते. मग त्याच काळातले, लाकूड आणि कापड यांचे विमान समुद्रकाठाने इतके अंतर निर्धोक कसे आले? जुने विमान म्हणजे जुनी वस्तू हे समीकरण येथेच मोडते.

पस मॉथचा पंख

विमानाचे वय आणि त्याची विश्वासार्हता यांचा संबंध सरळ नाही, याचे उदाहरण पस मॉथनेच घालून दिले आहे. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत या जातीची अनेक विमाने हवेतच पंख निखळून कोसळली. ही सारी विमाने नवी होती. तपासाअंती असे दिसून आले की, वादळी हवेत पंखाला पीळ बसून पंखाला आधार देणारा पुढचा टेकू दगा देऊ शकतो. उपाय साधा निघाला. त्या टेकूला आणखी एक लहान टेकू देण्यात आला.

यातून एक धडा मिळतो. नव्या विमानात काय चुकू शकते हे कोणालाच पुरते ठाऊक नसते. तीस-चाळीस वर्षे हजारो तास उडालेल्या जातीची दुखणी मात्र कळलेली असतात आणि त्यांवरचे औषधही कागदावर उतरलेले असते. जुन्या जातीच्या विमानाच्या किमतीत या साठलेल्या ज्ञानाचाही वाटा असतो.

घाटगे आणि पुष्पक

आपल्या देशात आराखडा आखून बनवलेल्या लहान विमानांची गोष्ट एका मराठी शास्त्रज्ञाशी जोडलेली आहे. डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. वाहत्या हवेचा पृष्ठभागालगतचा पातळ थर कसा वागतो, हे १९०४ मध्ये प्रथम उलगडून दाखवले ते याच प्रांटल यांनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला आणि घाटगे तेथे दाखल झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली १९५१ मध्ये एचटी-२ हे शिकाऊ विमान उडाले. २८ सप्टेंबर १९५८ रोजी 'पुष्पक' उडाले. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली.

पुष्पक हे दोघांनी शेजारी शेजारी बसायचे, डोक्यावर पंख असलेले विमान. आत धातूचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेले कापड. इंजिन कॉन्टिनेंटल कंपनीचे, ९० अश्वशक्तीचे. रिकाम्या विमानाचे वजन सुमारे ४०० किलो, म्हणजे आजच्या एका लहान मोटारीच्या निम्म्याच्या आसपास. अशी सुमारे १६० विमाने बनली आणि देशभरच्या उड्डाण क्लबांत ती वाटली गेली. एका पिढीतल्या कितीतरी वैमानिकांनी पहिला धडा पुष्पकमध्ये गिरवला.

नंतर क्लबांत परदेशी बनावटीची, पूर्ण धातूची विमाने आली. पुष्पक एकेक करून छपराखाली सरकली. काही अभियांत्रिकी महाविद्यालयांत गेली, काही भंगारात. या विमानांना त्या काळी कोणी 'ठेवा' म्हटले नाही. किंमत ठरवणाऱ्यांच्या दृष्टीने ती नुसती जुनी होती.

थकवा वापराचा, वयाचा नव्हे

आता धातूकडे वळू. वर्गात करता येण्याजोगा एक प्रयोग येथे सुचवतो. प्रत्येक विद्यार्थ्याला कागद अडकवण्याच्या दोन यू-पिना द्याव्यात. पहिली पिन सरळ करून ती काटकोनात वाकवावी व पुन्हा सरळ करावी. असे किती वेळा केल्यावर ती तुटते ते मोजावे. दुसरी पिन त्याच्या निम्म्या कोनातच वाकवावी आणि पुन्हा मोजावे. वर्गाची सरासरी काढली की असे दिसेल की, कोन निम्मा केल्याने पिनेचे आयुष्य नुसते दुप्पट होत नाही, त्याहून बरेच अधिक वाढते.

याला धातूचा थकवा म्हणतात. एका झटक्यात तुटण्यास जेवढा ताण लागतो त्याहून पुष्कळ कमी ताण पुन्हा पुन्हा दिला तरी आत बारीक भेग पडते, ती हळूहळू वाढते आणि एके दिवशी उरलेला भाग भार पेलू शकत नाही. पोलादाच्या बाबतीत एक मर्यादा असते. ताण तिच्या खाली राहिला तर पोलाद जवळजवळ कितीही वेळा तो सोसते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहानसा धक्कासुद्धा त्याच्या खात्यावर कायमचा नोंदला जातो.

ही बेरीज कशी करायची याचा नियम पामग्रेन यांनी १९२४ मध्ये आणि माइनर यांनी १९४५ मध्ये मांडला. तो शाळेतल्या अपूर्णांकांइतका सोपा आहे. समजा, पंखाचा मुख्य दांडा जोराचे १ लाख धक्के किंवा हलके १० लाख धक्के सोसून तुटतो. एका विमानाने जोराचे २० हजार आणि हलके ३ लाख धक्के खाल्ले आहेत. तर २०,००० भागिले १,००,००० म्हणजे ०.२ आणि ३,००,००० भागिले १०,००,००० म्हणजे ०.३. बेरीज ०.५. म्हणजे दांड्याचे निम्मे आयुष्य संपले. येथे विमानाचे वर्षांतले वय कोठेही आलेले नाही, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे.

याचे दुःखद प्रात्यक्षिक अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ४ एप्रिल २०१८ रोजी घडले. उड्डाण प्रशिक्षणाचे पायपर ॲरो जातीचे विमान वर चढत असताना त्याचा डावा पंख निखळला. आतील दोघेही मृत्यू पावले. पंखाच्या मुख्य दांड्याच्या खालच्या भागात थकव्याच्या भेगा सापडल्या. विमान २००७ सालचे होते. परंतु ७,६०० तासांहून अधिक उडालेले आणि तेही शिकाऊ हातांखाली, वारंवार उतरत व पुन्हा चढत. यानंतर त्या जातीच्या विमानांची तपासणी वर्षे मोजून न ठेवता, ते कोणत्या कामासाठी किती तास वापरले यांचा हिशेब करून ठरवण्यात आली. एखाद्या हौशी माणसाने आठवड्यातून एकदा उडवलेले चाळीस वर्षांचे विमान अशा दहा वर्षांच्या विमानाहून तरुण असू शकते.

पण नुसते उभे ठेवलेले विमान तरुण राहते असेही नाही. जुहूसारख्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या जोडांत गंज शिरतो. न चालवलेल्या इंजिनात तेलाचा थर ओघळून जातो आणि आतले भाग गंजतात. कापडाला उन्हातील अतिनील किरण खातात. लाकडी विमानात लाकूड शाबूत असते, पण जुना सरस ओलीने सुटतो. म्हणूनच कोरड्या हवेतल्या विमानाला खरेदीदार अधिक पैसे मोजतात.

वहीचे वजन

आता मूळ प्रश्नाचा गाभा. एखाद्या विमानाचे किती आयुष्य संपले, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. ते कळते फक्त नोंदवहीतून. प्रत्येक उड्डाणाचे तास, प्रत्येक दुरुस्ती, बदललेला प्रत्येक भाग आणि तो कोणी तपासला हे सारे लॉगबुकात लिहिलेले असते. विमानात बसवायच्या साध्या बोल्टलाही आपली वंशावळ दाखवावी लागते.

भोसरीचा कारागीर स्कूटरचा दांडा कातून देतो. तो विमानाचा दांडाही तितक्याच अचूकपणे कातू शकेल, याबद्दल मला शंका नाही. मात्र तो कोणत्या पोलादाचा, त्यावर उष्णतेची प्रक्रिया कशी झाली आणि त्यात आत भेग नाही हे कोणी तपासले, याचा कागद नसेल तर तो दांडा विमानात बसवता येत नाही. म्हणून लॉगबुक हरवलेले विमान कितीही चकचकीत दिसले तरी त्याची किंमत कोसळते.

याच कारणाने, कोणती जुनी विमाने टिकतील हे बहुधा त्यांच्या भागांच्या पुरवठ्यावर ठरते. पुष्पकचे इंजिन परदेशात हजारोंनी बनलेल्या इंजिनांच्या कुळातले. एचटी-२ मध्ये मूळ बसवलेले सिरस मेजर हे इंजिन मात्र लवकर दुर्मीळ झाले. त्यामुळे काही एचटी-२ विमानांना पुढे लायकमिंग इंजिने द्यावी लागली.

किंमत घसरते, थांबते आणि चढते

मोटारीची किंमत वर्षागणिक घसरत शून्याकडे जाते. लहान विमानाचा आलेख वेगळा असतो. पहिल्या पंधरा-वीस वर्षांत तो खाली येतो, मग सपाट होतो आणि पुष्कळदा पुन्हा वर चढतो. कारण विमानाची किंमत ही अनेक किमतींची बेरीज आहे. समजण्यापुरते आकडे घेऊ. इंजिन २,००० तासांनी पूर्ण उघडून नवे करावे लागते आणि त्याला २० लाख रुपये लागतात असे मानू. म्हणजे उड्डाणाचा प्रत्येक तास इंजिनाचे १,००० रुपये खातो. एकाच सालची, एकाच जातीची दोन विमाने घ्या. एकाचे इंजिन २०० तास चाललेले आणि दुसऱ्याचे १,८००. दोघांच्या किमतीत केवळ इंजिनापोटी १६ लाखांचा फरक पडेल. इंजिन पुन्हा नवे केले की तेवढी किंमत परत येते. मोटारीत हे होत नाही.

आलेख वर चढण्याचे कारण आर्थिक आहे. अमेरिकेत १९७८ मध्ये लहान-मोठी मिळून सुमारे १७,८०० खाजगी व छोट्या व्यवसायांची विमाने विकली गेली. १९९४ मध्ये हा आकडा हजाराच्याही खाली आला. जगात सर्वाधिक बनलेले सेसना १७२ हे विमान १९८६ ते १९९६ या काळात बनतच नव्हते. यामागे इतर कारणांबरोबर एक विचित्र कारण होते. विमाने इतकी टिकत की, तीस वर्षांपूर्वी बनवलेल्या विमानाच्या अपघाताबद्दलही कारखान्यावर नुकसानभरपाईचे दावे होत. विम्याचा खर्च नव्या विमानाच्या किमतीवर चढे. अखेर १९९४ मध्ये कायदा करून ही जबाबदारी १८ वर्षांपुरती मर्यादित केली गेली. नवी विमाने पुन्हा बनू लागली, परंतु महाग. नवे महाग झाले की जुन्याला भाव येतो. आजही तेथील एक इंजिनाची बहुतेक विमाने चाळीशी ओलांडलेली आहेत.

शिसे आणि इथेनॉल

भविष्याचा सर्वांत मोठा प्रश्न मात्र इंधनाचा आहे. आपल्याकडे मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे २००० सालापासून हद्दपार झाले. लहान विमानांच्या पेट्रोलमध्ये ते अजून आहे, लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. अधिक दाब देणाऱ्या इंजिनांत इंधन अवेळी पेटून ठोके बसू नयेत म्हणून ते घालतात. शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते, ही गोष्ट शिक्षकांनी विसरून चालणार नाही. युरोपीय संघात मे २०२५ पासून खास परवानगीशिवाय हे रसायन वापरता येत नाही. अमेरिकेने २०३० अखेरचे उद्दिष्ट ठेवले आहे. भारतात इंडियन ऑइलने असे पेट्रोल देशातच बनवायला २०२२ मध्ये सुरुवात केली, तेही शिसेयुक्त आहे.

येथे इतिहास एक गंमत करतो. लेपर्ड मॉथ किंवा पुष्पक यांची इंजिने कमी दाबाची. ती ७० ते ८० ऑक्टेनच्या इंधनासाठी आखलेली. त्यांना शिशाची गरज नाही, उलट शिशाचा थर त्यांच्या झडपांवर बसतो. अडचणीत येतील ती नंतरची, जोरकस इंजिने. म्हणजे इंधनाच्या बाजूने आजोबांचे भवितव्य नातवांपेक्षा बरे!

पण याला एक गाठ आहे. पंपावरच्या बिनशिशाच्या पेट्रोलमध्ये २०२५ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व टाक्यांचे लेप खराब करते आणि पाणी शोषून घेते. त्यामुळे ते अशा विमानात घालता येत नाही. जुन्या लहान विमानांचे मोल पुढच्या वीस वर्षांत कोठे जाईल, हे बिनशिशाचे आणि बिनइथेनॉलचे इंधन धुळे, बारामती, नागपूर येथील धावपट्ट्यांपर्यंत परवडणाऱ्या दरात पोचते की नाही, यावर पुष्कळसे ठरेल.

शाळेच्या अंगणात

आता त्या सांगाड्याकडे परत येऊ. मी मित्रांबरोबर गोदामात गेलो. नळ्यांचा सांगाडा, एक पंख आणि शेपटी एवढेच उरले होते. घड्याळे व इतर उपकरणे आधीच विकली गेली होती. मी लॉगबुकाची चौकशी केली. "कागद होते साहेब, रद्दीत गेले," असे उत्तर आले. त्या क्षणी मला कळले की, हे विमान आता कधीही उडणार नाही. त्याचे नाव, त्याचे तास, त्यात शिकलेली माणसे हे सारे रद्दीच्या भावाने गेले. सांगाड्यापेक्षा अधिक किमतीची वस्तू त्या गोदामात तीच होती.

शाळेने सांगाडा घेतला. आमच्या पिंपळे गुरवच्या उद्यानात सिमेंटचे डायनासोर आहेत आणि मुले ते पाहायला गर्दी करतात. या शाळेतल्या मुलांना मात्र खरे हाड हाताळायला मिळते. मुले दांडी हलवतात आणि पंखावरची झडप हलताना पाहतात. नळ्यांचे त्रिकोण मोजतात आणि चौकोनाऐवजी त्रिकोणच का, हे विचारतात. नववीच्या एका मुलीने एका जोडाजवळ भिंगातून केसासारखी रेषा शोधली. ती भेग आहे की रंगाचा ओरखडा यावर वर्गात दोन तास वाद झाला. तो निकाली काढायला मी रंग शोषून भेग दाखवणारे द्रावण घेऊन गेलो. तो ओरखडाच निघाला. तरी त्या दोन तासांची किंमत कोणत्या भावाने करायची?

माझी शिक्षकांना एक विनंती आहे. आपल्या गावाजवळ उड्डाण क्लब किंवा महाविद्यालय असेल आणि तेथे असे विमान मोडीत निघत असेल, तर सांगाड्याआधी त्याची वही मागून घ्या. विमान मिळाले नाही तरी वही मिळवा. तिच्यात भौतिकशास्त्र आहे, गणित आहे आणि आपल्या तंत्रज्ञानाचा न लिहिलेला इतिहास आहे.

आमच्या मित्रांच्या शाळेत सांगाड्याची नोंद नियमाप्रमाणे डेड स्टॉक रजिस्टरमध्ये झाली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी मुलांकडून त्या दिवशीची तारीख, जोडाची तपासणी आणि तिचा निष्कर्ष लिहवून घेतला. ती त्या विमानाच्या नव्या वहीतली पहिली नोंद आहे.